आधी आर्टिकलशिप, मग सर्टिफिकेट

मंडळी, आज जरा स्पष्ट बोलते. राग आला तर खाली लिहा, वाचेन.

इथे इंग्लंडमध्ये दर उन्हाळ्यात आपल्या पालकांचा तोच प्रश्न असतो: "मुलाची डिग्री झाली, नोकरी काही लागत नाही, पीएमपी करून टाकू का?" लगेच दहा जण सांगतात, करून टाका, प्रोजेक्ट मॅनेजमेंटला भरपूर स्कोप आहे. त्या मुलाने आजवर कुठलं प्रोजेक्ट हातात घेतलंय, हे कुणीच विचारत नाही.

अहो, निदान अटी तरी वाचा! पीएमपीसाठी पदवीधराकडे साधारण ३६ महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव लागतो आणि वर ३५ तासांचं प्रशिक्षण. कालपरवा डिग्री घेतलेलं लेकरू परीक्षेला बसूच शकत नाही. क्लासवाला तुम्हाला ३५ तास विकतो. ३६ महिने त्याच्याकडे नाहीत. "अनुभव बसवून देऊ" असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. काही अर्जांची तपासणी होते, हा भाग सोडाच. करिअरची सुरुवातच खोट्या कागदाने करायला आपण पोरांना शिकवणार का?

"मग प्रिन्स-टू फाउंडेशन?" त्याला अनुभवाची अट नाही, जरूर करू दे. पण त्यातून या धंद्याची भाषा कळते, धंदा नाही.

लंडनची एलिझाबेथ लाईन आठवा. डिसेंबर २०१८ मध्ये उघडायची होती, उघडली मे २०२२ मध्ये. बोगदे कधीच खणून झाले होते. सिग्नलिंग आणि गाड्यांचं सॉफ्टवेअर एकमेकांशी जुळवताना वेळ गेला, स्टेशनं रखडली, खर्च अब्जावधी पौंडांनी वाढला. अशा ठिकाणी "काम वेळेवर होणार नाही" हे वेळेत ओळखायला ते काम आतून माहीत असावं लागतं. रंगीत तक्ते कुणीही बनवतं.

मी सीए आहे, म्हणून माझ्या भाषेत सांगते. आर्टिकलशिप न करता कुणी सीए झालेलं पाहिलंय? तुटपुंज्या स्टायपेंडवर व्हाउचर तपासत वर्षं काढली, तेव्हा घरात कुणाला लाज वाटली नाही. मग इथे पोरगी "अप्रेंटिसशिप करते" म्हणाली की आपला चेहरा का पडतो? "लोक काय म्हणतील, युनिव्हर्सिटी जमली नाही का?"

इंग्लंडमध्ये लेव्हल ४ ची असोसिएट प्रोजेक्ट मॅनेजर अप्रेंटिसशिप आहे. काम करता करता शिक्षण, हातात पगार, फी शून्य. ज्या कंपनीचं पगारबिल वर्षाला ३० लाख पौंडांच्या वर आहे, ती वरच्या रकमेवर ०.५ टक्के अप्रेंटिसशिप लेव्ही २०१७ पासून भरतेच आहे. थोडक्यात, शिकवायचे पैसे कंपनीने आधीच बाजूला काढलेत आणि आपण मात्र तेच शिकायला क्लासची फी भरायला निघालोय! हिशेब तुम्हीच करा. डिग्री झालेल्यालाही, विषय नवा असेल तर, हा रस्ता बंद नसतो. फक्त वास्तव्याच्या आणि व्हिसाच्या अटी आधी तपासा.

आणि जाहिरातींत "मॅनेजर" शोधणं थांबवा. प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर, प्रोजेक्ट सपोर्ट ऑफिसर, पीएमओ ॲनालिस्ट, प्लॅनर, कॉस्ट कंट्रोल: आत शिरायची दारं ही आहेत. मीटिंगची टिपणं काढायची, कुणाचं काम अडलंय त्याचा पाठपुरावा करायचा, बजेट आणि प्रत्यक्ष खर्चातला फरक दर महिन्याला शोधायचा. दिसायला कारकुनी आहे, पण तीन-चार वर्षांत हेच पोर पीएमपीचा फॉर्म खरा भरेल. पुढे चार्टर्ड प्रोजेक्ट प्रोफेशनलही होता येतं. इथल्या एपीएमला २०१७ मध्ये रॉयल चार्टर मिळाला आहे.

क्षेत्र चांगलंच आहे, मुलांना जरूर पाठवा. फक्त क्लासची फी भरण्याआधी त्यांना एकच विचारा: रेल्वे, हॉस्पिटल, बँक, बांधकाम, यातलं कुठलं काम तुला आतून शिकायचंय? उत्तर आलं की अर्ज भरा. आलं नाही तर पैसे बँकेतच राहू द्या, आणि पोराला थोडा वेळ द्या.