सोनोग्राफी ‘नॉर्मल’, म्हणून निर्धास्त?

‘स्कूटरचं हँडल पोटात बसलं, सोनोग्राफी नॉर्मल आली, मग सीटी स्कॅनचा भुर्दंड कशाला?’ हा एका पत्रलेखकाचा सवाल वरवर रास्त वाटतो. पण अपघातानंतरची तातडीची सोनोग्राफी मुख्यतः पोटात साचलेलं रक्त शोधते. मूत्रपिंडाच्या माथ्यावरच्या ॲड्रिनल ग्रंथीची इजा तिच्यातून सहज निसटते. उजवी ग्रंथी यकृत आणि मणक्यांमध्ये चेपते, म्हणून बहुधा मार तिलाच. एकाच ग्रंथीची इजा बहुतेकदा शस्त्रक्रियेविना भरते. मात्र सोबत यकृत, बरगड्याही दुखावलेल्या असू शकतात. दोन्ही ॲड्रिनल ग्रंथी निकामी झाल्या तर रक्तदाब कोसळतो. तेव्हा हायड्रोकॉर्टिझोन हे संप्रेरक द्यावंच लागतं. सरसकट स्कॅन नको, हे मान्य. पण पोट दुखत राहिलं, चक्कर आली, तर घरी शेकत बसू नये.

— एक वाचक, निर्मळ (वसई)