गाडी एक, कागद दुसरी

कोडोलीच्या बाजारात किराणा आणि खताचे दुकान असलेल्या एका स्नेह्याने मला अलीकडेच एक गाडी पाहायला नेले. मी गॅरेजमध्ये पंचवीस वर्षे काढलेली, म्हणून गाडी घ्यायची झाली की गावातले चार लोक विचारतात. पण यावेळची गाडी मुलासाठी होती आणि तीही साधी नव्हे. ड्रिफ्टिंगसाठी तयार केलेली, मागच्या चाकांना ताकद देणारी, पुण्याच्या पासिंगची जुनी परदेशी सेदान. मागणी साडेचार लाखांची. मुलाच्या हट्टापायी पन्नास हजार विसार आधीच देऊन झाला होता आणि तो दुकानाच्या गल्ल्यातून गेला होता. मला बोलावले ते त्यानंतर.

ज्या वाचकांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. वळणावर मागची चाके मुद्दाम घसरवायची आणि स्टिअरिंग उलट धरून गाडी त्याच आडव्या अवस्थेत पुढे न्यायची, याला ड्रिफ्टिंग म्हणतात. जपानमध्ये कुनिमित्सु ताकाहाशी आणि त्यांच्यामागून केइची त्सुचिया या चालकांनी ही रीत प्रसिद्ध केली. पुढे तिच्या रीतसर स्पर्धा सुरू झाल्या. यासाठी इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जावी लागते. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. त्यांचा हँडब्रेक ओढून मागचा भाग फिरवता येतो, पण ते नुसते घसरणे झाले. म्हणून पोरे जुनी काँटेसा, ११८ एनई, नाहीतर हप्ते फिटलेली बीएमडब्ल्यू शोधतात.

छंद वाईट नाही. आपल्या कोल्हापूरला यंत्राचे वेड पूर्वीपासूनच आहे. उद्यमनगरात ऑइल इंजिने बनली, शिरोलीत फाउंड्री वाढली. मोहिते रेसिंग अकॅडमीमुळे इथली मुले कार्टिंग शिकली आणि याच कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत गाडी चालवून आला. तेव्हा पोराला वेग आवडतो म्हणून त्याला वाया गेलेला समजू नये. माझी हरकत गाडीबद्दल आहे, आणि ती ज्या रीतीने हातोहात विकली जाते त्याबद्दल.

गाडी लिफ्टवर घेतली. पहिली गोष्ट, डिफरन्शियलच्या आत वेल्डिंग मारलेले. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाके वेगवेगळ्या गतीने फिरू देणे हे डिफरन्शियलचे काम. ते वेल्डिंगने बंद केले की दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात. ट्रॅकवर यामुळे मागचा भाग झटकन सुटतो आणि ड्रिफ्ट धरून ठेवता येते. पण तीच गाडी बाजारपेठेच्या वळणावर आणली की टायर ओरडतात, एक्सलवर पीळ बसतो. आणि पावसाळ्यात, उसाच्या ट्रॉलीतून पडलेला चिखल रस्त्यावर असताना, साध्या वळणावरही मागचा भाग न सांगता निघून जातो. या गाडीत हे अगदी सहज ओळखता येत होते. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश फिरवली की मागची चाके अडखळत, उड्या मारत येत होती. विकणाऱ्याने तिला फक्त सरळ रस्त्यावर फिरवून दाखवले होते.

दुसरी गोष्ट, गाडी खाली बसावी म्हणून स्प्रिंग कापलेल्या. तिसरी, सायलेन्सरचा मधला डबा काढून सरळ पाइप. डाव्या बाजूचा ॲप्रन ठोकून सरळ केलेला, त्यावर जाड पुट्टी. हे सगळे पैसे टाकले तर दुरुस्त होण्यासारखे होते. खरा घोळ बॉनेटखाली होता. आरसीवर इंजिनाचा एक नंबर, ब्लॉकवर दुसरा. म्हणजे कधीतरी इंजिन बदलले आणि त्याची नोंद झालेली नाही.

इथे कायदा काय म्हणतो ते व्यापाऱ्यांनी नीट समजून घ्यावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही की आरसीवरील तपशील आणि कंपनीचा मूळ तपशील यांत फरक पडेल. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात हीच गोष्ट स्पष्ट केली. इंजिन बदलले तर चौदा दिवसांत आरटीओला कळवणे मालकावर बंधनकारक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. त्याप्रमाणे परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावल्यास कलम १८९ निराळे. शिवाय गाडीतील बदल विमा कंपनीला सांगितलेले नसतील तर स्वतःच्या गाडीची भरपाई नाकारली जाण्याची भीती असते.

आणि ती गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आलेली. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवायची तर तपासणीला न्यावी लागते. अशा अवस्थेत ती तपासणीत पास होणार कशी? विकणारा घाईत का होता, ते मला इथे कळले.

आता थोडे आपल्या कारीगर बंधूंविषयी, कारण हे सर्व काम कोणी तरी केलेलेच असते. डेंटर, वेल्डर, लेथवाले, इलेक्ट्रिशियन, या धंद्यात आपली पोरे पुष्कळ आहेत आणि हाताला चांगली आहेत. डिफरन्शियलला मारलेले ते वेल्डिंग मी पाहिले, काम सुंदर होते. पण कितीजणांना ठाऊक आहे की मोटार वाहन कायद्याच्या कलम २ मध्ये 'डीलर' या शब्दात गाड्या दुरुस्त करणाराही धरलेला आहे? आणि कलम १८२-अ मध्ये डीलरने नियमाबाहेर गाडीत फेरफार केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख दंड, किंवा दोन्ही, असे लिहिले आहे. मालकाला पाच हजार आणि मिस्त्रीला लाख! मजुरी किती मिळाली असेल? चार-पाच हजार.

माझे म्हणणे असे की ट्रॅकवरच चालणाऱ्या, ट्रेलरवरून नेल्या-आणल्या जाणाऱ्या गाडीचे काम खुशाल घ्यावे. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचे असले काम परत पाठवावे. आणि जे काही केले त्याची चिठ्ठी द्यावी : तारीख, किलोमीटर, काय काढले, काय बसवले. एक प्रत स्वतःकडे ठेवावी. मालातला ऐब गिऱ्हाइकाला दाखवून माल विकणे हा आपल्या तिजारतीचा जुना दंडक आहे, तो धान्याच्या ढिगाला लागू होतो तसा गाडीलाही. काहीजण म्हणतील, चिठ्ठी दिली तर गिऱ्हाईक दुसऱ्या गॅरेजला जाईल. जाईलही. पण तीन वर्षांनी ती गाडी कुणाच्या अंगावर गेली आणि पोलीस विचारत आले, तर हीच चिठ्ठी कामी येईल.

घेणाऱ्याने काय करावे? पोराला खरेच शिकायचे असेल तर आधी कार्टिंग, मग चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइंबतूरच्या करी स्पीडवेसारख्या बंद ट्रॅकवर शिक्षण. गाडी घ्यायचीच तर कोणी हात न लावलेली घ्यावी, दुसऱ्याच्या प्रयोगाचे पैसे देऊ नयेत. चेसिस आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी जुळवावेत. फायनान्सचा बोजा उतरला आहे का, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर एनओसी आहे का, हे पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. आणि जुनी गाडी विकणाऱ्या व्यापाऱ्यांनीही ऐकावे : टीटी फॉर्मवर सही केली म्हणजे सुटलो असे नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, असे धरून अपघाताची जबाबदारी त्याच्यावर टाकली. गाडी मधल्या काळात कितीही हात फिरली असली तरी. तेव्हा नाव बदलल्याचा ऑनलाइन दाखला हातात येईपर्यंत मागे लागावे.

कोडोलीच्या त्या मुलाने माझ्याशी दोन दिवस बोलणे टाकले होते. तिसऱ्या दिवशी गॅरेजला आला आणि म्हणाला, ‘चाचा, इंजिनाचा नंबर कुठं असतो ते मला पण दाखवा.’ दाखवला. विकणाऱ्याने बरीच टाळाटाळ करून पंचवीस हजार परत केले आहेत, उरलेले पंचवीस पुढच्या महिन्यात देतो म्हणाला आहे. त्याची चिठ्ठी मात्र त्याने दिलेली नाही.