मामावर गेला म्हणे!

आमचा भाचा अडीच वर्षांचा झाला तरी बोलेना. घरात मात्र काळजी कुणालाच नव्हती. "मामावर गेलाय! तोही उशिराच बोलला, आणि आता वक्तृत्वाच्या ढाली आणतो," असे आजी आल्यागेल्याला सांगे. तो मामा म्हणजे प्रस्तुत लेखक. खोटे कशाला बोलू, मला ते आवडायचे! वेखंड उगाळून चाटवणे तेवढे यथासांग चालू होते.

एके दिवशी अंगणवाडीच्या बाईंनी ताईला विचारले, "पाठीमागून हाक मारली तर वळतो का?" आम्ही सारे गप्प. मग त्याला झोपवून कानांची तपासणी झाली. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होते. जीभ जड नव्हतीच. शब्दच पोहोचत नव्हते.

उशिरा बोलणारी पुष्कळ मुले पुढे घडाघडा बोलतात, हे मान्य. पण आपले मूल त्यांतलेच, हे घरबसल्या कोण ठरवणार? दोन वर्षांपर्यंत 'आई, ये' अशी दोन शब्दांची जोडीही जमली नाही, तर आधी कान तपासावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत येऊन मुले तपासतात. मुंबईची अली यावर जंग संस्था तर १९८३ पासूनची. सोयी होत्या, आम्हीच कौतुकात रमलो होतो.

आता त्याच्या कानांना यंत्रे आहेत. बोट दाखवताच पेला पुढे करणारी आजी हल्ली त्याच्यासमोर बसून "पाणी? पाणी हवं?" म्हणते आणि थांबते. तिला ते थांबणे फार जड जाते. परवा "पा" झाले.