मुलांच्या कागदपत्रांना खरे कुलूप हवे

निवासी शाळेच्या कार्यालयात मुलांचे अर्धे आयुष्य फायलींत साठलेले असते. जातीचा दाखला, पालकांचे उत्पन्न, आधार क्रमांक, बँकेच्या पासबुकाची प्रत, आजारपणाच्या नोंदी. पूर्वी हे सारे लोखंडी कपाटात असे आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. आज ते संगणकात असते आणि त्या कपाटाला पुष्कळ ठिकाणी कुलूपच नसते.

पुंडलिकनगरातील असो वा खेड्यातील, मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली वापरणाऱ्या संस्थेने निश्चिंत राहू नये. लॉगिनचा पासवर्ड किंवा 'सीएचमॉड ७००' ही आज्ञा फोल्डर इतर वापरकर्त्यांपासून दूर ठेवते, एवढेच. संगणक दुरुस्तीला गेला, की पेन ड्राइव्हवरून दुसरे लिनक्स सुरू करून कोणीही ती डिस्क वाचू शकतो. नावाआधी टिंब देऊन फोल्डर लपविणे म्हणजे तर दाराला नुसता पडदा लावणे. खरे कुलूप एन्क्रिप्शनचे: 'लक्स' वापरून संपूर्ण डिस्क, अथवा 'जीपीजी' वापरून एकेक फाइल. जीपीजी मूळ फाइल तशीच ठेवते, ती स्वतंत्रपणे पुसावी लागते. आणि लक्सची डिस्क उघडून संगणक चालू असेपर्यंत दार उघडेच असते.

"आपल्याकडे लपविण्यासारखे काय आहे?" असे काही सदस्य विचारतात. प्रश्न लपविण्याचा नाहीच. आपला दाखला कोणास व केव्हा दाखवावा, हे त्या मुलाने ठरवावयाचे आहे, दुरुस्ती करणाऱ्याने नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, तो हक्क वसतिगृहातील मुलालाही आहे.

तथापि किल्ली एकाच माणसाच्या डोक्यात ठेवणे हेही तितकेच घातक. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ साली झाले. 'रिडल्स इन हिंदुइझम'चे हस्तलिखित वसंत मून यांच्या संपादनाखाली शासनाने प्रसिद्ध केले ते १९८७ साली. कागद होते, म्हणून एकतीस वर्षांनी का होईना, ते वाचता आले. एन्क्रिप्ट केलेल्या फाइलचा पासवर्ड हरवला, तर कोणताही संपादक ती वाचू शकणार नाही. माजी विद्यार्थी दाखल्यासाठी वीस वर्षांनीही शाळेत येतो, हे ध्यानी घ्यावे.

लक्समध्ये एकाच डिस्कला अनेक पासवर्ड देता येतात. एक मुख्याध्यापकांकडे, एक लेखनिकाकडे, तिसरा मोहोरबंद पाकिटात संस्थेच्या बँक लॉकरमध्ये असावा. लेखनिक बदलला, की त्याचा तेवढा काढून टाकावा.