रात्री बाराच्या आत!

काटकसर हा मध्यमवर्गाचा कुळाचार आहे. साबणाची उरलेली चकती नव्या वडीला चिकटवावी, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर वाण्याची यादी करावी, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु इंटरनेटने या कुळाचाराची जी गंमत करून टाकली आहे ती पाहिली म्हणजे हसावे की कपाळाला हात लावावा, हेच कळेनासे होते.

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने आपल्याकडे इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले. मोबाइलही त्याच वर्षीचा. त्यात बोलणाऱ्याला पैसे पडत आणि ऐकणाऱ्यालाही! ऐकणाऱ्याची सुटका 2003 साली झाली. मग आपल्या गृहस्थाने काय केले? एक घंटी म्हणजे 'पोचलो', दोन घंट्या म्हणजे 'निघालो', अशी मिस्ड कॉलची भाषाच सुरू केली. छदामही न मोजता निरोप पोचे. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरले, की मुलीचा निकाल आणि अमेरिकेतल्या भाच्याचे पत्र एकाच बैठकीत उरकायचे. मिनिटन्‌मिनिट मोजले जाई.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले, काही महिने सारे फुकट मिळाले, दर कोसळले आणि हिशेब उलटा झाला. आता डेटा मिळतो तो रोजच्या शिध्यासारखा, दीड जीबी, नाहीतर दोन. उरला तर रात्री बाराला बुडाला! आणि बुडती वस्तू डोळ्यांदेखत बुडू देणे आपल्या रक्तात नाही. म्हणून साडेअकराला आजोबा कीर्तन ऐकताहेत, सूनबाई पाककृती पाहताहेत, चिरंजीव क्रिकेटचा जुना सामना पुन्हा जिंकताहेत. पानात टाकायचे नाही, हा बाणा! डेटा वाचतो, खर्च होते ती झोप.

बरे, पैसा तरी वाचतो का? रिचार्जचा 'महिना' बहुधा 28 दिवसांचा. म्हणजे वर्षाचे बारा नव्हे, तेरा. चार माणसांच्या घरात बावन्न! 30 दिवसांची निदान एक योजना प्रत्येक कंपनीने ठेवावी, असा आदेश दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2022 मध्ये काढला. ती योजना आपण कधी मागून पाहिली आहे का?

असो. हा तोटा सोसण्याजोगा आहे. खरा तोटा निराळाच. दूधवाल्याचे पाव लिटर जास्त लागले तर ज्या घरात चौकशी होते, त्याच घरातल्या आजोबांना पडद्यावरचा तोतया पोलिस 'डिजिटल अटक' करतो आणि आजोबा कोणाला काही विचारत नाहीत. का? विचारायला गेले, की "बाबा, किती वेळा सांगायचं!" हे ऐकावे लागते म्हणून. अशी अटक आपल्या कायद्यात नाही. फसवणूक झालीच तर तत्काळ 1930 या क्रमांकावर कळवावे. एवढे सांगायला पाच मिनिटे पुरतात. दीड जीबीसाठी अर्धा तास जागणाऱ्यांना ती पाच मिनिटे सापडू नयेत?

लक्ष्मीपूजनाला वही मांडाल तेव्हा तिच्यात एक रकाना वाढवा: 'आज घरातल्या वडीलमाणसाला काय समजावून सांगितले?' आणि त्यापायी बाराला थोडा डेटा बुडाला, तर खुशाल बुडू द्या. तो उद्या पुन्हा मिळेल. जन्मभराची पुंजी तशी मिळत नाही.