कर्ज नव्हे, पत हवी!

ग्रामीण भागातील दरिद्री महिलेच्या हाती दहा-वीस हजार रुपये ठेवले की तिच्या घरातील दारिद्र्य पळ काढते, अशी एक भाबडी समजूत गेल्या काही दशकांत रूढ झाली आहे. १९७६ साली बांगलादेशातील जोब्रा गावी प्रा. मुहम्मद युनूस यांनी ४२ जणांना मिळून २७ डॉलर एवढी रक्कम स्वतःच्या खिशातून दिली. २००६ साली त्यांना व त्यांच्या ग्रामीण बँकेला नोबेल शांतता पारितोषिक मिळाले आणि या समजुतीला सिद्धान्ताची प्रतिष्ठा लाभली. जोब्रातील करुणा खरी होती. परंतु करुणेचा धंदा झाला की काय होते, याचा धडा आंध्र प्रदेशाने दिला.

२०१० च्या जुलै-ऑगस्टमध्ये हैदराबादच्या एसकेएस मायक्रोफायनान्स कंपनीने समभाग विक्रीस काढून १,६०० कोटींहून अधिक रुपये उभे केले. गरिबांच्या सेवेतून असा नफा उभा करण्याला खुद्द युनूस यांनीच आक्षेप घेतला होता. एकीकडे गुंतवणूकदारांच्या उड्या पडत होत्या. दुसरीकडे याच राज्यात सूक्ष्म कर्जांच्या वसुलीचा जाच आणि त्यापायी झालेल्या आत्महत्या यांच्या तक्रारींनी खेडी हादरली होती. ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारला अध्यादेश काढून या व्यवहाराला वेसण घालावी लागली.

हे कर्ज विनातारण म्हणवले जाते. वास्तविक येथे स्त्रीची अब्रूच गहाण पडलेली असते. पाच-दहा जणींचा गट करायचा, एकीचा हप्ता चुकला तर तो बाकीच्यांनी भरायचा, ही त्याची रीत. म्हणजे वसुलीचे काम शेजारणीच परस्परांवर करतात आणि कंपनी मात्र नामानिराळी राहते! हप्ता बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरू होतो. आठवड्याभरात कोणती शेळी विते? कोणते शिवणयंत्र दामदुप्पट कमावते? मग हप्ता मजुरीतून जातो, अथवा दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून. व्याजाचा हिशेबही असाच फसवा. १०,००० रुपये घेऊन आठवड्याला २२५ रुपयांचे ५० हप्ते फेडले, तर वरवर व्याज साडेबारा टक्के दिसते. पण मुद्दल दर आठवड्याला घटत असल्याने खरा दर सुमारे २५ टक्के पडतो.

अनुभवच काय, संशोधनही हेच सांगते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व सहकाऱ्यांनी हैदराबादच्या वस्त्यांत केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही व्यवसाय सुरू झाले, काही वाढले. परंतु कुटुंबाचा एकूण खर्च वाढला नाही, की घरातील निर्णयांत स्त्रीचा शब्द वजनदार झाला नाही.

यावर हमखास एक प्रश्न विचारला जातो : कंपन्या नसतील तर या महिलांनी सावकाराकडे जावे काय? प्रश्न रास्त आहे. सावकाराचा पाश महाराष्ट्राला सांगायला नको. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे गांजलेल्या शेतकऱ्यांनी कर्जरोखे हिसकावून घेतले होते. परंतु सावकार की कंपनी, एवढेच दोन पर्याय आहेत, हे मुळात असत्य आहे. तिसरा मार्ग याच मातीत रुजलेला आहे.

नाबार्डने १९९२ पासून बचत गट बँकांशी जोडण्यास आरंभ केला. येथे क्रम उलटा आहे : आधी बचत, मग कर्ज. अनेक गटांत अंतर्गत कर्जावर महिना दोन टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के व्याज घेतले जाते. दर कंपनीच्या जवळपासच. पण तो पैसा जातो कोठे? कंपनीचे व्याज भागधारकाच्या खिशात जाते, गटाचे व्याज त्याच महिलांच्या निधीत परत येते. सारा भेद येथे आहे. सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या महिलांनी बँक काढायचे ठरवले, तेव्हा सभासद निरक्षर म्हणून पहिला अर्ज नाकारला गेला. त्यांनी अक्षरे गिरवली, त्या पुन्हा गेल्या आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पत मिळवणे म्हणतात ते हेच!

हा प्रश्न अद्याप मिटलेला नाही. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सूक्ष्म कर्जांवरील व्याजाची कमाल मर्यादा उठवली. कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत हप्ते जाऊ शकतात, असा नियम आहे. ज्या घरात हातातोंडाची गाठ पडत नाही, तेथे निम्मे उत्पन्न हप्त्यात गेल्यावर चूल कशावर पेटायची? वसुलीतील जबरदस्ती रोखण्यासाठी २०२५ मध्ये कर्नाटकलाही अध्यादेश काढावा लागला. आंध्रचा धडा पंधरा वर्षांतच विस्मरणात गेला, हाच याचा अर्थ.

केवळ शासनाकडे बोट दाखवून मात्र भागणार नाही. गटाच्या पापड-मसाल्याला गिऱ्हाईक नसेल तर स्वस्त कर्जही गळ्यातील धोंडच ठरते. शहरातील सुखवस्तू कुटुंबांनी दिवाळीचा फराळ, वर्षाचे मसाले गटांकडून घ्यावेत. हिशेब जाणणाऱ्यांनी महिन्यातील एक दिवस गटांच्या वह्या तपासण्यास द्यावा. बँकेच्या दारात ताटकळणाऱ्या भगिनीसोबत कार्यकर्त्याने उभे राहावे. समाज तिच्या पाठीशी उभा राहिला, तर हप्त्याचे कोष्टक घेऊन येणाऱ्याला ती स्वतःच दारातून परत पाठवील.