‘का बा?’ विचारणारी मुलगी

लोकगीतं गाणारी मुलगी आपल्या समाजाला फार आवडते. सणासुदीला तिला आमंत्रणं येतात, डोक्यावरचा पदर आणि कपाळावरची मोठी टिकली बघून म्हाताऱ्याकोताऱ्यांचे डोळे भरून येतात, ‘बघा, अजून संस्कृती टिकून आहे’ असं म्हणत लोक टाळ्या वाजवतात. मात्र तिने आजीपणजीचीच गाणी गायची, अशी त्यात एक न बोललेली अट असते. त्याच चालीत तिने आपले, आजचे शब्द घातले की टाळ्या थांबतात आणि ‘हिला कोणी शिकवलं?’ अशी कुजबुज सुरू होते. नेहा सिंह राठोड या भोजपुरी गायिकेच्या गेल्या काही वर्षांच्या वाटचालीकडे पाहिलं, की ही न बोललेली अट लख्ख दिसते.

नेहा बिहारच्या कैमूर जिल्ह्यातली, १९९७ सालची. गावात वाढली, कानपूर विद्यापीठाची पदवी घेतली. घरात गाण्याचं घराणं वगैरे काही नाही, रीतसर तालीमही नाही. मोबाइलसमोर उभं राहून गाणी म्हणायची आणि ती यूट्यूबवर टाकायची, एवढंच भांडवल. सुरुवातीला पारंपरिक गाणी, मग हळूहळू स्वतः रचलेली. बेरोजगारी, परीक्षांचे रखडलेले निकाल, हुंडा, पूर असे विषय. साथीला फारसा वाद्यमेळ नाही. अंगावर साधी साडी, मागे घराची भिंत आणि आवाज खणखणीत.

२०२०च्या बिहार विधानसभा निवडणुकीत तिचं ‘बिहार में का बा’ हे गाणं घरोघरी पोचलं. भोजपुरीत ‘बा’ म्हणजे ‘आहे’. तेव्हा ‘का बा?’ म्हणजे ‘काय आहे?’. बिहारमध्ये आहे तरी काय, असा साधा प्रश्न. या दोन शब्दांचं आपल्या मुंबईशीही नातं आहे बरं का! त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मनोज बाजपेयी यांनी गायलेलं ‘बंबई में का बा’ हे रॅप गाणं आलं होतं. दिग्दर्शक अनुभव सिन्हा, शब्द डॉ. सागर यांचे. लॉकडाउनमध्ये मुंबईहून पायी निघालेल्या मजुरांची आठवण तेव्हा ताजी होती. मुंबईत आमच्यासाठी आहे काय, असं तिथे परक्या शहरात आलेला मजूर विचारत होता. नेहाने तोच प्रश्न उचलला आणि उलटा फिरवला. मुंबईचं राहू दे, मुळात आमच्या गावातच काय आहे, की आमच्या पुरुषांना घरदार सोडावं लागतं? हा प्रश्न मागे राहिलेल्या बाईचा आहे, आणि म्हणूनच तो जास्त बोचरा आहे.

सत्ताधाऱ्यांनाही तो बोचला. नेहाच्या गाण्याच्या उत्तरादाखल भाजपने ‘बिहार में ई बा’ म्हणजे ‘बिहारमध्ये हे आहे’ असं गाणं काढलं. २०२२च्या जानेवारीत उत्तर प्रदेशात पुन्हा तेच. एकीकडे अभिनेते आणि भाजपचे खासदार रवी किशन यांचं ‘यूपी में सब बा’, दुसरीकडे नेहाचं ‘यूपी में का बा’. एकात चकचकीत चित्रीकरण आणि विकासकामांची यादी. दुसऱ्यात करोनाकाळातले मृत्यू, हाथरस, लखीमपूर खेरी. एका राज्याच्या निवडणुकीत एका पोरीच्या मोबाइलवरच्या गाण्याची अशी दखल घेतली जाते, हेच मुळी नवीन होतं.

हे मोबाइलमुळे घडलं असं आपण सहज म्हणून टाकतो. ते खरंच आहे. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं आणि खेड्यापाड्यात पोचलं. पण भोजपुरी मुलीसाठी मोबाइलचा अर्थ आणखी वेगळा आहे. तिच्या भाषेतला जाहीर रंगमंच बाईसाठी कधीच सरळ नव्हता. ‘बिदेसिया’ नाटकाने अजरामर झालेले भिखारी ठाकूर (१८८७-१९७१) यांनी कमाईसाठी परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट बघणारी बाई रंगवली. पण त्यांच्या मंडळीत तिची भूमिका करायचे ते पुरुषच. अगदी आपल्या बालगंधर्वांच्या काळासारखं. पुढे कॅसेट आणि सीडी आल्या. भोजपुरी गाणं म्हटलं की द्व्यर्थी, अश्लील असंच समीकरण होऊन बसलं. लग्नाच्या वरातीत ‘ऑर्केस्ट्रा’ नावाखाली नाचणाऱ्या मुलींसमोर दारू प्यायलेले पुरुष आणि हवेत झाडलेल्या बंदुका, हे दृश्य त्या भागात नवलाचं राहिलं नाही. अशा मंचावर कुठले आईबाप मुलीला पाठवतील?

शारदा सिन्हा यांचं मोठेपण इथे कळतं. १९५२ साली जन्मलेल्या शारदाताईंनी मैथिली, भोजपुरी, मगही गाणी अतिशय प्रतिष्ठेने गायली आणि छठपूजेचा सण त्यांच्या आवाजाशिवाय अपुरा वाटावा इतकी लोकप्रियता मिळवली. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी, नेमक्या छठच्याच दिवसांत, त्या गेल्या. बाईने जाहीर मंचावर ताठ मानेने गाता येतं, हे त्यांनी सिद्ध केलं. नेहाच्या पिढीने पुढचं पाऊल टाकलं. ना ठेकेदार, ना कॅसेट कंपनी. गाणं माझं, शब्द माझे, आणि मंच माझ्याच खोलीत. मैफली आणि साहित्यमेळे नंतर आले. आधी श्रोते आणि मग मंच, असा हा उलटा प्रवास.

पण घरातला मंच सुरक्षित असतो, हा भ्रम लवकरच गळून पडला. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी कानपूर देहात जिल्ह्यातल्या मडौली गावात अतिक्रमण हटवण्याच्या कारवाईत झोपडीला आग लागली आणि मायलेकींचा जळून मृत्यू झाला. नेहाने ‘यूपी में का बा’चा पुढचा भाग रचला. आठवडाभरातच पोलिस नोटीस घेऊन तिच्या दारात. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६० खाली ही नोटीस होती आणि उत्तरासाठी मुदत तीन दिवसांची. गाण्यामुळे समाजात वैमनस्य आणि तणाव निर्माण झाल्याचं तिच्यात म्हटलं होतं.

त्या नोटिशीतले प्रश्न मात्र मुळातून समजून घ्यायला हवेत. व्हिडिओत तुम्ही स्वतः आहात का? हे चॅनेल तुमचंच आहे का? आणि गाण्याचे शब्द तुम्ही स्वतः लिहिलेत का? लिहिले असतील तर त्यांवर ठाम आहात का? मैत्रिणींनो, शतकानुशतकं बायकांनी रचलेल्या गाण्यांवर कुणाचं नाव नाही. ‘पारंपरिक’ म्हणायचं आणि सोडून द्यायचं. एका बाईला ‘हे शब्द तुझेच का?’ असं अधिकृत कागदावर विचारलं गेलं, तेही कौतुकाने नव्हे तर पोलिसी खाक्याने! याचा फटका घरालाही बसला. पतीला नोकरीचा राजीनामा द्यावा लागल्याचं तेव्हा जाहीर झालं. बाई बोलते, दंड घर भरतं. दुसरी एखादी मुलगी गाणं रचायला बसली, तर घरची माणसं तिला आता काय सांगतील, याचा अंदाज करायला नको.

गाण्यातून जाब विचारणं ही नेहाने शोधून काढलेली युक्ती आहे का? मुळीच नाही. भोजपुरीत ‘जँतसार’ नावाचा गीतप्रकार आहे. जातं दळताना म्हणायची गाणी. आपली जात्यावरची ओवी आणि ही जँतसार सख्ख्या बहिणी. लग्नात वरपक्षाला यथेच्छ शिव्या घालणारी ‘गारी’ही तिकडे आहे. आपल्याकडे विहिणीची गाणी आहेत, झिम्मा-फुगडीत सासरच्यांची उडवलेली रेवडी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी पुण्याहून खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेरची माया आहे, विठ्ठल आहे, तसेच सासरचा जाच, गरिबी आणि बाबासाहेबही आहेत. दळता दळता बाईने सगळ्यांचा हिशेब मांडला आहे. फक्त तो ऐकायला पहाटेचं जातं आणि शेजारची सखी एवढीच मंडळी होती. तोच हिशेब चव्हाट्यावर मांडला की मात्र पोटात दुखतं.

आता बिहारचीच दुसरी मुलगी पाहू. मधुबनी जिल्ह्यातली मैथिली ठाकूर, जन्म २००० सालचा. वडिलांकडून शास्त्रीय गाण्याची पक्की तालीम, भावांची साथ, २०१७च्या टीव्ही स्पर्धेत दुसरा क्रमांक. गळा तर अप्रतिम! तिने भजनं, मैथिली-भोजपुरी लोकगीतं, अगदी मराठी अभंगही गायले. नोव्हेंबर २०२५च्या निवडणुकीत ती भाजपच्या तिकिटावर अलीनगरमधून अकरा हजारांहून अधिक मतांनी निवडून आली आणि पंचविसाव्या वर्षी आमदार झाली. तिचं यश कष्टाचं आहे, ते कमी लेखण्याचं कारण नाही. पण एकाच राज्यातल्या, जवळपास एकाच वयाच्या दोन लोकगायिका. एकीने परंपरा जपली, तिच्यासाठी विधानसभेचं दार उघडलं. दुसरीने परंपरेच्या चालीत प्रश्न विचारला, तर तिच्या दारात नोटीस. दोघींच्या वाटा का फाटल्या, याचं उत्तर गळ्यात सापडत नाही, शब्दांत सापडतं.

नेहावर टीकाही होते, आणि ती सगळीच उडवून लावण्यासारखी नाही. तिची गाणी एकसुरी होतात, चालीपेक्षा मजकूर वरचढ ठरतो, ती एकाच पक्षाला लक्ष्य करते, असं म्हटलं जातं. संगीत म्हणून पाहिलं तर पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येक बातमीवर गाणं पाडायचं म्हटलं की गाण्याची बातमी होते. शिवाय २०२५ सालचं प्रकरण गाण्याचं नव्हतंच. २२ एप्रिलच्या पहलगाम हल्ल्यानंतर तिने समाजमाध्यमांवर टाकलेल्या मजकुरावरून लखनौच्या हजरतगंज पोलिस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला, त्यात देशाच्या एकात्मतेला धोका पोचवण्याचं गंभीर कलमही लावलं गेलं. तो रद्द करायला अलाहाबाद उच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये नकार दिला आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या टप्प्यावर हस्तक्षेप केला नाही. कायद्याचं काम कायदा करील. पण यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. गाणं रचायला वेळ लागतो, त्या वेळात राग निवतो आणि शब्दाला धार येते. पोस्ट दोन मिनिटांत जाते. गाण्यात व्यंग्य म्हणून खपतं, ते पोस्टमध्ये आरोप होतं. लोकगायिकेचं खरं बळ तिच्या चालीत आहे, हे तिने विसरू नये.

आणि हे सगळं तिकडचं, आपला महाराष्ट्र कसा पुरोगामी, अशी पाठ थोपटून घेण्याची घाई नको. कबीर कला मंचाच्या शाहीर शीतल साठे यांनी २ एप्रिल २०१३ रोजी विधान भवनासमोर स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन केलं तेव्हा त्या गरोदर होत्या. नक्षलवाद्यांशी संबंधांचा आरोप त्यांनी नाकारला होता. जून महिन्यात जामीन मिळाला. दुसरीकडे हातात एकतारी घेऊन भीमगीतं गाणाऱ्या कडुबाई खरात मोबाइलवरच्या व्हिडिओतूनच महाराष्ट्रभर पोचल्या. म्हणजे वाट मोकळीही होते आणि अडवलीही जाते.

तेव्हा प्रश्न एकट्या नेहाचा नाही. तिचं प्रत्येक मत पटलंच पाहिजे असंही नाही. गाण्याला उत्तर गाण्याने द्यावं, हे तर तिच्या विरोधकांनीच दोनदा करून दाखवलं होतं, आणि ती रीत किती छान होती! सवाल-जवाबाची परंपरा असलेल्या आपल्या मातीला ती सहज कळते. नवरात्राच्या, मंगळागौरीच्या, गॅदरिंगच्या मंचावर आपण लेकीसुनांकडून जुनी गाणी हौसेने बसवून घेतो. या वर्षी त्यांतल्या एखादीला म्हणून बघा, ‘चाल तीच ठेव, शब्द तुझे घाल.’ पाणी, एस.टी., शिक्षण, लग्न, काय वाटेल ते. ती काय रचते ते कान देऊन ऐका. आणि ऐकताना कुठे टोचलं, तर गाणं थांबवण्याआधी ते आपल्याला का टोचलं, एवढं तरी स्वतःला विचारून पाहा.